प्रकरण सतरावे : जिराफाची उंची

शुक्रवार, मार्च महिन्याचा तिसरा. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. कंपनीच्या इमारतीचा दुसरा मजला, नकाशांची खोली. उपस्थित : तीन भावंडे, म्हणजेच कंपनीचे तीन भागीदार, आणि थोरल्यांची मुलगी. विषय : परवान्याच्या नूतनीकरणासाठी द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रावर तिघांच्या सह्या. मुदत : त्याच दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत.

इतके नेमके लिहिण्याचे कारण असे की, त्या दिवशी कोण कोणाच्या बाजूने होते, याविषयी पुढे या घरात तीन निरनिराळ्या हकिकती रूढ झाल्या आणि तिन्ही सांगणारे आपलीच खरी म्हणून शपथा घेत. वेळ आणि जागा यांबद्दल मात्र कोणाचा वाद नाही. तेव्हा निदान तेवढ्या जमिनीवर पाय रोवून पुढे जावे, हे बरे.

वीस वर्षांपूर्वी शासनाने या कुटुंबाला हवेतल्या लहरींचा एक अरुंद पट्टा वापरायला दिला होता. पट्टा खालचा होता. म्हणजे लांबवर जाणारा, झाडांना आणि भिंतींना फारशी दाद न देणारा. कुटुंबाचे मोबाइलचे जाळे त्याच्यावर उभे होते. मोठ्या कंपन्यांना तो हवा होता आणि तीन महिन्यांनी त्याची मुदत संपत होती. लिलावाशिवाय नूतनीकरण हवे असेल, तर अट एकच होती : परवान्याच्या क्षेत्रातील चारशे बारा वस्त्यांपैकी शेकडा पंच्याण्णव वस्त्यांत, उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला फोन लागला पाहिजे. ‘माणसाच्या हातातला’ याचे मोजमापही नियमात दिले होते : जमिनीपासून दीड मीटर.

“सात,” थोरले म्हणाले. “नुसत्या सात?”

“सातच,” त्यांची मुलगी म्हणाली. “तीनशे ब्याण्णव हव्यात. खऱ्या भरतायत तीनशे पंच्याऐंशी.”

“आणि जिराफाप्रमाणे?”

“चारशे सात. पण फोन जिराफ करत नाही, बाबा. माणसं करतात.”

घरात तिला मीटर म्हणत. वयाच्या सहाव्या वर्षी तिने आत्याची शिवणाची टेप पळवून घरातले प्रत्येक दार, प्रत्येक माणूस आणि एक नाराज मांजर मोजून काढले होते, तेव्हापासून. आता ती एकतीस वर्षांची होती आणि कंपनीच्या मोजणी विभागाची प्रमुख होती. त्या विभागात तिच्याशिवाय दोन तंत्रज्ञ होते आणि जिराफ होता.

जिराफ म्हणजे आबांची गाडी. तिन्ही भावंडांचे वडील आणि कंपनीचे संस्थापक आबा तरुणपणी मालमोटारींना आणि रुग्णवाहिकांना बिनतारी संच बसवून देत. त्या काळी त्यांचे सगळे ग्राहक चाकांवर होते आणि प्रत्येकाची अँटेना गाडीच्या टपावर होती. मग मोजणी कुठून करायची? अर्थातच टपावरून. आबांनी एक उंच गाडी घेतली, तिच्या टपावर लोखंडी चौकट जोडली, चौकटीवर अँटेना चढवली आणि साडेतीन मीटर उंचीवरून साऱ्या मुलखाची मोजणी केली. ती मोजणी त्या काळापुरती निर्दोष होती. पुढे मोबाइल आले, ग्राहक गाडीतून उतरून पायी चालू लागले, यंत्रे बदलली, नकाशे बदलले, गाडीचे इंजिनसुद्धा दोनदा बदलले. अँटेना मात्र टपावरच राहिली. आबांच्या गाडीला हात कोण लावणार? जो संदेश टपावर खणखणीत पोहोचत होता, त्याचा दहावा हिस्सासुद्धा कित्येक खोलगट वस्त्यांत माणसाच्या हातापर्यंत उतरत नव्हता, आणि वीस वर्षे हे कोणालाही कळले नव्हते.

मीटरला ते बारा दिवसांपूर्वी कळले, तेही गाडी बिघडली म्हणून. एका वस्तीची मोजणी राहिली होती. ती हातात यंत्र घेऊन पायी गेली आणि तिला शून्य मिळाले. मग नऊ दिवस ती खोलगट जागांतल्या एकतीस वस्त्यांतून पायी हिंडली. त्यांतल्या बावीस नापास झाल्या.

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच होते.

“हे बघ,” ते शांतपणे म्हणाले, “आपली पद्धत आज बदललेली नाही. पहिल्या वर्षापासून दरवर्षी हीच मोजणी पाठवतोय. प्राधिकरणानं ती दरवर्षी स्वीकारली. आता अखेरच्या दिवशी आपणच उठून सांगायचं, की वीस वर्षं आम्ही आंधळे होतो?”

“आंधळे नाही, उंच,” मीटर म्हणाली.

“चेष्टा सुचतेय तुला.”

“रडू येत नाहीये म्हणून, बाबा.”

थोरल्यांची बाजू हटवादीपणाची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकशे चाळीस माणसे या इमारतीत आणि डोंगरांवरच्या टॉवरांवर काम करीत होती. त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी स्वतः कामावर घेतले होते. पट्टा गेला तर ही माणसे जाणार, हे त्यांना दिसत होते. आणि जे दिसत होते त्यापुढे दीड मीटर आणि साडेतीन मीटर यांतला भेद त्यांना शाळेतल्या गणितासारखा वाटत होता.

“वकील, तू सांग,” ते धाकट्या भावाकडे वळले. “सही करण्यात कायद्याची अडचण आहे?”

धाकट्यांना घरात सगळे वकीलच म्हणत. पुतणी तेवढी काका म्हणे. आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांचे मत थोरल्यांसारखेच होते. रात्री जेवणानंतर त्यांनीच थोरल्यांना फोन करून सांगितले होते, की घाबरू नकोस, मी वाट काढतो. आता ते नियमांचे पुस्तक उघडून त्याच्याकडे न पाहता बसले होते. वकिलाने पुस्तक उघडून त्याच्याकडे पाहिले नाही, म्हणजे त्याला त्यातले वाक्य पाठ झाले आहे, असे समजावे.

“दादा, एक विचारू? नूतनीकरणाची तपासणी कशी होते, माहीत आहे?”

“चिठ्ठ्या टाकून. फोन लागतो म्हणून आपण दाखवलेल्यांपैकी बारा वस्त्या काढतात आणि त्यांचा माणूस जाऊन बघतो.”

“हातात फोन घेऊन जातो. जिराफावर बसून नाही.” वकील पुतणीकडे वळले. “मीटर, त्या बारांत आपल्या बावीसपैकी एकही येणार नाही, याची शक्यता किती?”

“काढलीय मी, काका. जवळजवळ निम्मी.”

“निम्मी!” थोरल्यांचा चेहरा खुलला. “मग निम्मी संधी आहे.”

“नाणं उडवण्याइतकी,” वकील म्हणाले. “आणि नाणं उलटं पडलं, तर पट्टा थेट लिलावात. वर खोट्या प्रतिज्ञेचा ठपका, म्हणजे लिलावात आपल्याला उभंही राहता येणार नाही. आता दुसरा रस्ता ऐक. परिशिष्टातलं कलम अठरा. तूट पाच टक्क्यांच्या आत असेल आणि ती अर्जदारानं स्वतः होऊन कळवली असेल, तर ती भरून काढायला एक वर्षाची मुदत मिळू शकते. आपली तूट दोन टक्क्यांच्याही आत आहे.”

“मिळते, की मिळू शकते?”

“मिळू शकते.” वकिलांनी हा शब्द पुसट होऊ दिला नाही. “नाकारूही शकतात. मी तुला खोटा दिलासा देणार नाही.”

“काल रात्री दिलास की!”

“काल रात्री मी परिशिष्ट वाचलं नव्हतं.”

“चाळीस वर्षं वकिली केलीस, आणि परिशिष्ट आज वाचतोस?”

“चाळीस वर्षं परिशिष्टं वाचली, म्हणूनच तुला कधी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, दादा.”

थोरले उठून खिडकीशी गेले. भाऊ फुटला, हे त्यांच्या ध्यानात आले. मग, ज्या माणसाच्या मताची त्यांनी वीस वर्षांत क्वचितच विचारपूस केली होती, तिच्याकडे ते वळले.

“ताई, तू काहीच बोलत नाहीस.”

आत्या दोघा भावांच्या मधली. घरातला थोरला भाऊसुद्धा तिला ताई म्हणे. त्याचे कारण वय नव्हते, आवाज होता. तळमजल्यावरची तक्रारींची खिडकी वीस वर्षे तिने सांभाळली होती. मीटरला तिच्याविषयी खात्री होती : आत्या खऱ्याची बाजू घेणार. वकिलांनाही तसेच वाटत होते.

“मी सही करणार,” आत्या म्हणाली. “आहे त्या कागदावर. चारशे सात.”

मीटरच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली. “आत्या, तू?”

“का? मला हात नाहीत?”

“अगं, पण तुझ्याच खिडकीवर…”

“माझ्या खिडकीचं मला सांगू नकोस.”

ती एवढेच बोलली. तिच्या मनात जे होते, ते त्या खोलीतल्या कोणालाही ठाऊक नव्हते. तळमजल्यावर, खिडकीच्या उजव्या हाताला, तिचा एक खण होता. त्यात खालच्या वस्तीतल्या नर्सबाईंची अकरा पत्रे होती. वस्ती नदीच्या वाकणात, चारही बाजूंनी चढ. बाई लिहीत, की बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, की रुग्णवाहिका बोलवायला मला पंपघराच्या जिन्यावर चढावे लागते. अकराही वेळा जिराफ तिथे गेला होता. अकराही वेळा रेंज उत्तम मिळाली होती. आणि अकराही वेळा आत्याने स्वतःच्या सहीने उत्तर धाडले होते : ‘आपल्या वस्तीची प्रत्यक्ष मोजणी केली असता सेवा समाधानकारक आढळली. कृपया आपला फोन तपासून घ्यावा.’ सातव्या पत्रानंतर बाईंनी नवा फोन घेतला होता. तसे त्यांनी आठव्यात कळवले होते.

आज तीनशे पंच्याऐंशी लिहायचे, म्हणजे त्या अकरा सह्यांवर आडवी रेघ मारायची. आणि ज्याच्या गाडीवर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला, त्या बापाला अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी सांगायचे, की आबा, तुमची मोजणी चुकली. आत्याच्या मनात या दोन गोष्टींचा असा पीळ बसला होता, की पहिलीची लाज ती दुसरीच्या मायेखाली झाकत होती. हे तिला स्वतःला पुरते कळत होते, एवढे मात्र तिच्या बाजूने म्हटले पाहिजे.

“आबांना काय वाटेल, याचा कोणी विचार केलाय?” ती म्हणाली. “कागद प्राधिकरणाकडे गेला, की उद्या चारचौघांत बोभाटा होणार. गाडी चुकली म्हणजे आबा चुकले.”

“बघ,” थोरले वकिलांना म्हणाले. “दोन विरुद्ध एक.”

“इथे मतदान नाही, दादा. प्रतिज्ञापत्राला तिघांच्या सह्या लागतात. मी चारशे सातवर करणार नाही.”

“आणि मी तीनशे पंच्याऐंशीवर करणार नाही. चार वाजेपर्यंत कागद गेला नाही, तर काय होईल?”

“अर्ज आलाच नाही, असं धरतील.”

“म्हणजे तुझा खरेपणा आणि माझा मूर्खपणा, दोन्हींचं फळ एकच!”

“आत्ता कुठे तू वकिलासारखं बोललास.”

आत्याला हसू आले आणि हसू आल्याचा तिला राग आला.

असे दीड तास चालले. कोण काय म्हणाले, याची सगळी यादी देण्यात अर्थ नाही. भांडणात नवे मुद्दे पहिल्या वीस मिनिटांतच संपतात, पुढचा वेळ जुने मुद्दे मोठ्या आवाजात मांडण्यात जातो. थोरल्यांनी वकिलांच्या लग्नातली एक गोष्ट काढली. वकिलांनी थोरल्यांच्या पहिल्या टॉवरची काढली, जो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कलला होता. मीटर तेवढ्या वेळात नकाशावर नापास बावीसपैकी सात वस्त्यांभोवती लाल वर्तुळे काढत होती आणि दोनदा म्हणाली, की सातांपैकी चार नुसत्या अँटेना थोड्या खाली झुकवून जमतील, उरलेल्या तिन्हींना पंपघरावर एक छोटा टॉवर पुरेल, मला आठ महिने द्या. दोन्ही वेळा कोणी ऐकले नाही.

एक वाजता खालून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि चौघांचेही लक्ष खिडकीकडे गेले. इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणारे आबा दर शुक्रवारी एक वाजता लिफ्टने खाली उतरत, जिराफाचे इंजिन दहा मिनिटे चालू ठेवत आणि बॅटरी तपासून परत वर जात. आज दहा मिनिटांनी इंजिन थांबले. लिफ्ट मात्र दुसऱ्या मजल्यावर उघडली.

काठी आधी आत आली, मग आबा.

“खालपर्यंत ऐकू येतंय,” ते म्हणाले. “बिनतारी शिकवली मी तुम्हाला, तरी ओरडताय?”

“काही नाही, आबा,” आत्या घाईने उठली. “तुम्ही बसा. जेवलात?”

“जेवलो. तू खोटं बोलायला लागलीस की पदराशी चाळा करतेस. लहानपणापासून. कोण सांगतंय?”

तेव्हा मीटर उभी राहिली. तिने काहीही मऊ केले नाही आणि काहीही टोकदार केले नाही. साडेतीन मीटर, दीड मीटर, एकतीस, बावीस, सात, असे आकडे क्रमाने मांडले, जसे याच माणसाने तिला मांडायला शिकवले होते. आबांनी मधे एकच प्रश्न विचारला.

“यंत्र कुठे धरलं होतंस?”

“छातीपाशी.”

“हं.”

ते नकाशावर वाकले. आत्याने डोळे मिटून घेतले.

“सगळ्यात वाईट कुठली?” आबांनी विचारले.

“खालची वस्ती. नदीच्या वाकणातली,” मीटर म्हणाली.

“तिथे मी स्वतः मोजलंय. खणखणीत होती.” ते थोरल्यांकडे वळले. “तू सही करायची म्हणतोस?”

“हो, आबा. तुमच्या मोजणीवर माझा विश्वास आहे.”

“माझाही आहे. म्हणून बघून येतो. पोरी, किल्ली माझ्याकडे आहे, गाडी तू चालव. किती वेळ लागेल?”

“पाऊण तास जायला.”

“मी तिथे उतरून, उभा राहून, इथल्या या फोनवर फोन लावतो.” त्यांनी टेबलावरच्या जुन्या, तारेच्या फोनकडे काठी केली. “वाजला तर तिघंही आहे त्या कागदावर सह्या करा. वकील, तूसुद्धा. नाही वाजला तर माझी वाट बघा. कबूल?”

वकील म्हणाले, “कबूल.” कायद्याने याला काही आधार नाही, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नव्हते. पण बावीस वस्त्यांचा फैसला एकीवरून करायला निघालेल्या बापापुढे त्यांना युक्तिवाद सुचला नाही, आणि असे त्यांच्या आयुष्यात दुसऱ्यांदाच घडत होते.

दोन वाजले. तिन्ही भावंडे टेबलाभोवती बसून होती. वकिलांनी दोन्ही प्रतिज्ञापत्रे छापून शेजारी-शेजारी ठेवली होती. डावीकडे चारशे सात, उजवीकडे तीनशे पंच्याऐंशी. थोरल्यांनी पेन डावीकडच्या कागदावर ठेवले.

सव्वादोन. अडीच.

“पोहोचले असतील,” थोरले म्हणाले.

“पोहोचलेच असतील,” वकील म्हणाले.

फोन वाजला नाही. आत्या उठली, खाली गेली आणि अकरा पत्रे घेऊन वर आली. तिने ती उजवीकडच्या कागदावर ठेवली. थोरल्यांनी वरचे पत्र वाचले, मग दुसरे. आठव्यावर ते थांबले.

“नवा फोन घेतला बिचारीनं?”

“मी घ्यायला लावला,” आत्या म्हणाली. “माझ्या सहीनं.”

“मग सकाळी चारशे सात का म्हणालीस?”

“भ्याले, दादा. आणि तू पण भ्यालायस. हा वकील तेवढा सकाळपासून सरळ बोलतोय, आणि त्याची सवय नसल्यामुळे आपल्याला ते ओळखू आलं नाही.”

“आभारी आहे, ताई,” वकील म्हणाले.

तीन वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

थोरल्यांनी पहिली घंटा पुरी होऊ दिली नाही. स्पीकर लावला. आबांचा आवाज इतका स्वच्छ आला, की आत्याने दाराकडे पाहिले.

“ऐकू येतंय?”

“येतंय, आबा! शेजारी बसल्यासारखं!” थोरल्यांचा हात पेनाकडे गेला होता. चेहऱ्यावर वीस वर्षांपूर्वीचा, पहिला टॉवर सरळ उभा राहिला त्या दिवशीचा आनंद होता. “मी म्हटलं नव्हतं…”

“पेन ठेव खाली.”

“अं?”

“गाडीत बसून बोलतोय. जिराफाच्या संचावरून. टपावरच्या अँटेनावर खणखणीत आहे, मी म्हटलं होतं तशी. गाडीनं कधी खोटं सांगितलं नाही. आपण तिला चुकीचं विचारत होतो.”

थोरल्यांनी पेन खाली ठेवले.

“खाली उतरून नऊ वेळा लावला,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज खचलेला नव्हता. उलट, हरवलेला दोष सापडलेल्या तंत्रज्ञाच्या आवाजात जी एक टवटवी असते, ती त्यात होती. “एकदाही लागला नाही. इथल्या नर्सबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, पंपघराच्या जिन्यावर चढा, चौथ्या पायरीवर लागतो. म्हटलं, बाई, मी अठ्ठ्याऐंशीचा, माझ्यानं दोन होतील. तर म्हणाल्या, माझ्या बाळंतिणींनाही चार जमत नाहीत. ताई आहे का तिथे?”

“आहे, आबा.”

“बाईंना उत्तरं तू लिहायचीस ना? आज स्वतः येऊन भेट.”

“येते.” आत्याने पदराला हात लावला नाही.

“आणि हे बोलणं झालं, की अँटेना खाली उतरवायला मी सांगितलंय. पोरगी पाने घेऊन चढलीय टपावर. हे पंपघर चांगलं आहे, भक्कम आहे. टॉवर पेलेल. आठ महिने म्हणते, मला सहा वाटतात. किती वाजले?”

“तीन दहा,” वकील म्हणाले. त्यांनी उजवीकडचा कागद थोरल्यांपुढे सरकवला आणि त्यावरची पत्रे उचलून सोबतच्या कागदपत्रांत लावली.

“भरपूर वेळ आहे मग.”

थोरल्यांनी कागद वाचला. पहिल्या ओळीपासून, वकिलांच्या सवयीप्रमाणे. प्राधिकरणानं नाकारलं तर, असा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. खालच्या वस्तीपुढची जागा वकिलांनी मुद्दाम कोरी ठेवली होती. तिथे शेरा लिहायचा होता.

“आबा,” ते म्हणाले, “खालच्या वस्तीपुढे काय लिहू?”

“इथे फोन लागत नाही. तसं लिही.”